लिनक्सवर खेळ चालतात का?

आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहा संगणक आहेत आणि सहाही लिनक्सवर चालतात. परवा प्रात्यक्षिक संपल्यावर अकरावीचा एक विद्यार्थी दाराशी घुटमळत उभा राहिला. मला वाटले, लोलकाचे वाचन चुकले असेल. पण प्रश्न निराळाच निघाला. "सर, घरच्या संगणकावर लिनक्स घालावे म्हणतो. पण त्याच्यावर गेम चालत नाहीत ना?"

हाच प्रश्न कोणी वीस वर्षांपूर्वी विचारला असता तर मी "नाही" एवढे सांगून मोकळा झालो असतो, आणि ते बव्हंशी खरेही ठरले असते. आज तसे उत्तर देऊन भागत नाही. शिवाय मला स्वतःला या खेळांचा नाद आहे. (आमच्या घरी त्याला "बाबांचे संशोधन" म्हणतात.) तेव्हा माझे मत आधीच सांगून टाकतो. "चालतात का?" हा प्रश्न अर्धाच आहे. "चालत नसेल तर का चालत नाही?" हा त्याचा दुसरा अर्धा भाग, आणि विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच जास्त कामाचा आहे.

विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर अडतो कुठे, ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर दोन्हीकडे तोच असतो. बेरीज-वजाबाकीच्या ज्या आज्ञा त्याला विंडोजखाली समजतात त्याच लिनक्सखालीही समजतात. पण फाइल उघडणे, पडद्यावर चित्र काढणे, आवाज ऐकवणे ही कामे खेळ स्वतः करीत नाही. ती तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, आणि सांगण्याची पद्धत विंडोजमध्ये वेगळी, लिनक्समध्ये वेगळी.

समजा, एखादी नाटक कंपनी दूरच्या गावी प्रयोगाला गेली आहे. नटांना आपापली भाषणे पाठ आहेत. त्यांत काही अडचण नाही. पण पडदा ओढणारा आणि दिवे सांभाळणारा माणूस त्या गावचा. कंपनीच्या खाणाखुणा त्याला कळत नाहीत. राजा सिंहासनावर बसला तरी अंधारच! आता यावर उपाय दोन. पहिला असा, की कंपनीच्या गावचे अख्खे नाट्यगृह या नाट्यगृहाच्या आत उभारायचे. ते जमते, पण फार महाग पडते. दुसरा उपाय असा, की दोन्हीकडच्या खुणा जाणणारा एक माणूस विंगेत उभा करायचा. नटाने खूण केली की तो दिवेवाल्याला त्याच्या भाषेत सांगणार. नटांची भाषणे मात्र जशीच्या तशी.

विंगेतल्या या माणसाचे नाव 'वाइन'. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले. लिनक्सचा जन्म १९९१ चा, म्हणजे लिनक्स जेमतेम दोन वर्षांचे होते. वाइनची १.० ही आवृत्ती निघायला मात्र २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे! कारण विंडोजच्या खाणाखुणा हजारो, आणि त्यांतील कित्येक कागदावर लिहिलेल्याच नव्हत्या. बाहेरून निरीक्षण करायचे, अंदाज बांधायचा, चाचणी घ्यायची, चुकले की पुन्हा. आपल्या प्रयोगशाळेत काय वेगळे चालते?

सर्वांत कठीण भाग चित्रांचा. पडद्यावरील हालचाल सलग वाटावी म्हणून खेळ सेकंदाला साधारण साठ चित्रे काढतो. म्हणजे एका चित्राला मिळतात सुमारे १६.७ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात हजारो त्रिकोण रंगवायचे असतात. विंगेतला माणूस अडखळला की खेळही अडखळलाच. विंडोजवरील बहुतेक खेळ यासाठी 'डायरेक्ट-थ्रीडी' ही भाषा वापरतात. २०१६ मध्ये 'वल्कन' नावाची नवी भाषा आली. ती ग्राफिक कार्डाच्या पुष्कळ जवळची आहे आणि लिनक्सवरही चालते. फिलिप रेबोले या प्रोग्रॅमरला 'निअर : ऑटोमाटा' हा विंडोजचा खेळ लिनक्सवर खेळायचा होता. त्यापायी त्याने डायरेक्ट-थ्रीडीचा वल्कनमध्ये अनुवाद करणारा 'डीएक्सव्हीके' हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. खेळाच्या ओढीने झालेल्या कामाचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र बांधून 'प्रोटॉन' काढले. २०२२ मध्ये तिने स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र विक्रीला आणले, तेही लिनक्सवरच चालते. गंमत म्हणजे त्याच वर्षी आलेला 'एल्डन रिंग' हा खेळ विंडोजवर मधूनमधून अडखळत असे. स्टीम डेकसाठी व्हॉल्व्हच्या लोकांनी अनुवादकाच्या पातळीवरच दुरुस्ती केली. खेळ मेमरीची जी मागणी पुन्हापुन्हा करीत होता ती त्यांनी राखून ठेवली, आणि अडखळणे कमी झाले. मूळच्या घरापेक्षा परगावी प्रयोग अधिक रंगला म्हणायचा!

या सगळ्यावर लिनक्सवाल्यांमध्ये एक जुना वाद आहे. काही जण म्हणतात, हा अनुवाद म्हणजे आळशीपणाला उत्तेजन. विंडोजचाच खेळ चालतो म्हटल्यावर लिनक्ससाठी वेगळा खेळ करील कोण? मीही बरीच वर्षे याच मताचा होतो. पण १९९८ मध्ये निघालेल्या लोकी या कंपनीचा इतिहास पाहा. इतरांच्या गाजलेल्या खेळांच्या खास लिनक्स आवृत्त्या ती तयार करी. काम चोख होते, पण गिऱ्हाइकेच थोडी. जानेवारी २००२ मध्ये तिला टाळे लागले. त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. लिनक्सचे आधारप्रोग्रॅम सतत बदलत राहतात, त्यामुळे त्या काळातील अस्सल लिनक्स आवृत्त्या आजच्या लिनक्सवर सहजासहजी उघडत नाहीत. उलट त्याच खेळाची विंडोज आवृत्ती वाइनमधून पुष्कळदा बिनतक्रार चालते. हे पाहिल्यावर मी माझे मत बदलले. जो खेळ नुसता खेळायचाच आहे तो अनुवादातून खेळायला काहीच हरकत नसावी.

आता दुसऱ्या बाजूचे. काही खेळ लिनक्सवर चालत नाहीत, आणि ते तांत्रिक अडचणीमुळे नव्हे. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळांत रडीचा डाव खेळणारे असतात. भिंतीपलीकडचे पाहतील, नेम आपोआप लागेल अशी व्यवस्था करतील. त्यांना पकडण्यासाठी खेळाबरोबर एक पहारेकरी प्रोग्रॅम येतो. काही पहारेकरी थेट विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन बसतात. तिथून संगणकातील काहीही दिसू शकते. लिनक्सचा गाभा ज्याचा त्याला बदलता येतो. म्हणून काही निर्माते म्हणतात, आम्हांला तिथे भरवसा वाटत नाही. 'एपेक्स लेजेंड्स' हा खेळ प्रोटॉनमधून व्यवस्थित चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस त्याच्या निर्मात्यांनी लिनक्सवाल्यांना दार बंद केले. 'लीग ऑफ लेजेंड्स'चेही त्याच वर्षी तसेच झाले.

निर्मात्यांची अडचण मला समजते. रडीचा डाव कोणालाच आवडत नाही. पण एका खेळासाठी घराच्या तिजोरीची किल्ली परक्या पहारेकऱ्याच्या हाती द्यावी, हे मला पटत नाही. माझ्यापुरते मी ते खेळ सोडून दिले. मात्र मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस. माझे सोबती काही रविवारी संध्याकाळी माझी वाट पाहत बसत नाहीत. तुमच्या वयात ज्या खेळात सगळे मित्र आहेत त्याच्याबाहेर राहणे सोपे नसते. म्हणून त्या विद्यार्थ्याला मी उलट विचारले, "तुझे मित्र काय खेळतात?" त्याने नाव सांगितले. ते नेमके बंद दारापलीकडचे निघाले. मी त्याला तसे स्पष्ट सांगितले. खोटी आशा दाखवून कोणी लिनक्सकडे वळावे असे मला वाटत नाही.

तरीही त्याला लिनक्स हवे होते, आणि कारण साधे होते. घरचा संगणक जुना. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ घ्यायला ते यंत्र पात्र नाही. वडील म्हणतात, भंगारात देऊ; नवा मात्र बारावीनंतर. असे संगणक घरोघरी आहेत. लिनक्स घातले तर त्यांतले बरेचसे आणखी काही वर्षे काम देतील. पण खेळांच्या बाबतीत इथेही मर्यादा आहे. ग्राफिकचा भाग फार जुना असून वल्कन जाणत नसेल तर डीएक्सव्हीकेचा अनुवाद तिथे चालत नाही. नवे भारी खेळ त्या यंत्रावर विसरायचे. (आणि हो, असे काही करण्याआधी घरातल्यांचे फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. माझ्या हातून एकदा लग्नाचा अल्बम पुसला गेला आहे. त्यावर अधिक लिहीत नाही.)

मग जुन्या यंत्रावर खेळायचे काय? मी त्याला 'लुआंटी' सुचवले. २०१० मध्ये फिनलंडमधील पेर्टू अहोला याने ते सुरू केले. त्याचे पूर्वीचे नाव मायनेटेस्ट, नवे नाव २०२४ पासूनचे. ठोकळ्यांच्या जगात खणायचे, बांधायचे, उड्या मारायच्या. ते फुकट आहे, आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो. कोणी म्हणेल, हे विंडोजवरही चालते. चालते, खरे आहे. पण लिनक्सवर कोड वाचणे, बदलणे आणि पुन्हा बांधणे यासाठी लागणारी साधने हाताशीच असतात. शिवाय खेळाखालचा गाभाही तितकाच उघडा असतो. शोध घेत खाली उतरायला लागलात तर मध्येच कुलूप लागत नाही.

लुआंटीच्या सेटिंग्जमध्ये गुरुत्वाकर्षणाचा आकडा दिलेला आहे : ९.८१. उडीचा सुरुवातीचा वेग ६.५, म्हणजे सेकंदाला साडेसहा ठोकळे. वहीपेन्सिल घ्या. उडीची उंची म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. ४२.२५ भागिले १९.६२, म्हणजे सुमारे २.१५ ठोकळे. तर दोन ठोकळ्यांची भिंत सहज चढता यायला हवी. पण प्रत्यक्ष खेळून पाहा : एक ठोकळा चढता येतो, दोन येत नाहीत!

आमचा विद्यार्थी चार दिवसांनी हेच सांगत आला. "सर, सूत्र चुकले की गेम?" मी म्हटले, "सूत्र नववीचे आहे, ते चुकणार नाही. गेम उघड." मी पाहिलेल्या कोडमध्ये जिथे खेळाडूचा खाली येण्याचा वेग वाढवला जातो त्या ओळीत गुरुत्वाच्या आकड्याला दोनाने गुणलेले आहे. म्हणजे त्या जगात खरे त्वरण १९.६२. आता उंची येते १.०८ ठोकळा, आणि हिशेब जुळतो. ती ओळ शोधायला त्याला दोन संध्याकाळी लागल्या. मी आधीच सांगितली असती तर दोन मिनिटे लागली असती, पण मी मुद्दामच सांगितली नाही. मग त्याने सेटिंग्जमध्ये ९.८१ च्या जागी चंद्राचे १.६२ घातले, उडी किती उंच जाईल ते आधी कागदावर काढले (साडेसहा ठोकळे), आणि ठोकळ्यांचा मनोरा रचून मोजून पाहिले.

तो दोन तिथे कोणी घातला आणि का, हे काही मला सांगता आले नाही. कोडमध्ये झालेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद सर्वांसाठी खुली आहे. सध्या तो ती मागे मागे चाळत बसला आहे, आणि प्रात्यक्षिकाची वही अजून त्याने दिलेली नाही.