बोअर, कावेरी की टँकर? गाडी धुण्याआधीचा प्रश्न

पीण्यात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीवर सकाळी जी धूळ दिसते, ती नुसती माती नसते. खरं वाटत नसेल तर घरातल्या मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. फ्रिजवरचं एखादं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचं, वायपरखालच्या खाचेत साचलेली धूळ कागदावर काढायची आणि तिच्यावरून ते चुंबक फिरवायचं. (गाडीच्या पत्र्यावर मात्र फिरवू देऊ नका.) पिशवीला बारीक काळी मिशी फुटते. तो लोखंडाचा कीस.

खंडेनवमी जवळ आली की आमच्या भागात सगळ्यांना गाडी धुवायची आठवण होते, म्हणून या वेळच्या सदरात हा विषय. इंटरनेटवर गाडी धुण्याच्या हजार युक्त्या आहेत, पण त्या सांगणाऱ्यांच्या घरामागे ग्राइंडिंगचं वर्कशॉप नसतं. दासरहळ्ळी, राजगोपालनगर, लग्गेरे या भागांत राहणाऱ्यांच्या आजूबाजूला लेथ, फाउंड्री, प्लेटिंग, पावडर कोटिंग असं सगळं चालू असतं. पिंपरी-चिंचवड, कोल्हापूरची शिरोली किंवा बेळगावचं उद्यमबाग इथल्या वाचकांनाही हे ओळखीचं वाटेल.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. सकाळी ऑफिसला निघायच्या घाईत आपण डिकीतलं पिवळं फडकं काढतो आणि कोरड्या धुळीवरून गोल गोल फिरवतो, तेव्हा तो लोखंडाचा कीस या कागदावर घासला जातो. सावलीत काही दिसत नाही. दुपारच्या उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतील. पांढऱ्या गाडीवर दुसराही प्रकार दिसतो. कीस रंगात रुतून बसतो, पावसात गंजतो आणि बारीक नारिंगी ठिपके उमटतात. लोक त्याला गाडीचा गंज समजून घाबरतात, पण बहुतेक वेळा गंजलेला असतो तो बाहेरून आलेला कण. तो शॅम्पूने निघत नाही. त्यासाठी क्ले बार नावाची मळलेल्या कणकेसारखी वडी मिळते, ती ओल्या पत्र्यावर हलक्या हाताने फिरवायची. वर्षातून एक-दोनदा पुरे.

कोरडं फडकं बाद, म्हणजे पाणी आलं. आणि इथे बेंगळुरूची खरी गोष्ट सुरू होते.

बाहेरून नव्याने आलेल्या मराठी माणसाची इथे पहिली फजिती ‘संप’ या शब्दाने होते. घरमालक म्हणतो, ‘संपमध्ये पाणी नाही,’ आणि आपण विचारतो, कोणाचा संप? इथे संप म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. त्या टाकीत येणारं पाणी तीन प्रकारचं असतं: कावेरीचं, बोअरचं आणि टँकरचं.

कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणि जवळपास ५०० मीटर उंच चढवून, टप्प्याटप्प्याने पंप करत शहरात आणलं जातं. २०२४च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे १४ हजार सरकारी बोअरपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्या, तेव्हा मार्च महिन्यात जलमंडळाने पिण्याचं पाणी गाडी धुण्यासाठी, बागेसाठी, बांधकामासाठी वापरायला बंदी घातली. दंड ५,००० रुपये. पुन्हा सापडलात तर आणखी ५,००० आणि वर दिवसाला ५००. त्याच महिन्यात २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार रुपये वसूलही झाले. २०२५च्या फेब्रुवारीत तोच आदेश पुन्हा निघाला. तेव्हा नळाला पाइप जोडून गाडी धुणं हा इथे नुसत्या आवडीनिवडीचा मामला राहिलेला नाही.

आता टँकर. २०२४ साली जिल्हा प्रशासनाने दर बांधून दिले होते, त्यात ५ किलोमीटरच्या आतला ६,००० लिटरचा टँकर ६०० रुपयांना होता. लिटरला १० पैसे. पाइपने १५ मिनिटं गाडी धुतली तर १५० लिटर पाणी सहज जातं. (तुमच्या नळाचा हिशेब स्वतः करा: २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा.) म्हणजे झाले १५ रुपये! ‘पाणी वाचवा, पैसे वाचवा’ हा उपदेश कोणाला पटत नाही, त्याचं कारण हेच. पाणी महाग नाहीच. अडचण अशी की एप्रिलमध्ये टँकरवाल्याला फोन केला की तो ‘नीरिल्ला’ एवढंच बोलतो आणि फोन ठेवतो. त्या दिवशी त्या १५० लिटरमध्ये चार माणसांच्या आंघोळी, भांडी आणि एक वेळचे कपडे झाले असते. किंमत रुपयांत काढली की ती नेहमी चुकीची निघते.

राहिलं बोअरचं पाणी. सगळे तिकडेच वळतात. पण हे पाणी बहुधा जड असतं. थेंब वाळला की त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पत्र्यावर राहतं आणि काळ्या गाडीवर पांढऱ्या वर्तुळांची रांगोळी उमटते. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडक्याने पुसा आणि लगेच साध्या पाण्याने धुवा. जुने डाग मात्र रंगात उतरतात.

पीण्यापुरती आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्लेटिंगच्या कामात क्रोमियम वापरतात, आणि इथल्या काही भागांतल्या भूजलात ते सापडल्याच्या नोंदी आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. त्याचा हेक्साव्हॅलंट नावाचा प्रकार त्वचेलाही त्रास देतो. तुमच्या बोअरचं पाणी पिवळसर दिसत असेल किंवा कधी तपासलंच नसेल, तर मुलांना बादलीत हात घालून गाडी धुवायला लावू नका. स्वतःही रबरी हातमोजे घाला. आणि एकदा प्रयोगशाळेतून तपासणी करून घ्या. ते पाणी गाडीपेक्षा जास्त वेळा आपल्याच अंगावर पडत असतं.

मग धुवायची कशी? माझं मत सरळ आहे: दोन बादल्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. प्रत्येक वेळी फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून काढायचं आणि मगच शॅम्पूत बुडवायचं. काम संपल्यावर साध्या बादलीच्या तळाशी जो काळा गाळ बसतो, तो बघितला की पुन्हा एका बादलीने गाडी धुवावीशी वाटणार नाही. सुरुवात टपापासून, शेवट दारांच्या खालच्या भागात. चाकांचं फडकं पूर्णपणे वेगळं, आणि ते चुकून मिसळू नये म्हणून वेगळ्या रंगाचं. हात सरळ रेषेत चालवायचा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड हवा. सगळं मिळून ३० ते ४० लिटर लागतात. जुनं बनियन चालेल का, असं आमच्या घरी दरवेळी विचारलं जातं. चाकांना चालेल. पत्र्याला मायक्रोफायबरच घ्या. आणि भांड्यांचा साबण नको, तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेला असतो आणि रंगावरचं वॅक्सही घेऊन जातो.

भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर राहता आणि गाडी रस्त्यावर लागते? मग रिन्सलेस वॉश बघा. आठ-दहा लिटर पाण्यात थोडंसं द्रावण टाकायचं, पाच-सहा मायक्रोफायबर फडकी त्यात भिजवून ठेवायची आणि एकेका फडक्याची घडी बदलत एकेक भाग पुसत जायचा. वरून पाणी ओतायची गरज नाही. मला ही पद्धत आवडते, कारण एक बादली जिन्यावरून उतरवता येते. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ही चालत नाही. बाटलीतून फवारून पुसायचा जो ‘वॉटरलेस’ प्रकार आहे, तो आमच्याकडे मी सुचवणार नाही. हलक्या धुळीला ठीक असेल, पण लोखंडाच्या किसाला भरपूर पाणी लागतं. प्रेशर वॉशर तसा पाइपपेक्षा कमी पाणी घेतो, मिनिटाला पाच-सात लिटर, पण तो हातात आला की माणसाला थांबावंसं वाटत नाही, आणि इंजिनमध्ये फवारा मारायचा मोह होतोच. मारू नका. तिथल्या वायरिंगला ते मानवत नाही.

आरओचं सांडपाणी गाडीला वापरा, हा सल्ला फार फिरतो. त्यात एक मेख आहे. आरओ क्षार काढतो, आणि ते काढलेले क्षार या सांडपाण्यातच असतात. म्हणजे बोअरपेक्षाही जड पाणी. ते चाकांना, मडगार्डच्या आतल्या बाजूला, पायमॅटला वापरा. पत्र्यावर शेवटचा हात फिरवायला एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी साठवून ठेवा, त्यात क्षार जवळपास नसतात. त्याहून चांगलं पावसाचं. बेंगळुरूत २००९पासून ठरावीक आकाराच्या प्लॉटवरच्या घरांना पावसाचं पाणी साठवणं किंवा जमिनीत जिरवणं सक्तीचं आहे, त्यामुळे गच्चीवरून उतरणारा पाइप आणि पिंप अनेक घरांत आधीच असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे पाऊस भरपूर असतो, म्हणजे नवरात्राच्या तोंडावर ते भरलेलंही असतं.

आणि पहाटे गाड्या पुसायला येणारे अण्णा? बऱ्याच गल्ल्यांत ते असतात. एक बादली, एक फडकं आणि सात वाजायच्या आत दहा गाड्या. पहिल्या गाडीचा कीस दहाव्या गाडीवर जातो, हे खरं. म्हणून त्यांना बंद करा, असं म्हणणारे लोक मला कळत नाहीत. त्यांच्याकडे एकच बादली असते, कारण पाणी आणि जागा आपण तेवढीच देतो. आमच्या गल्लीत तीन घरांनी मिळून आपापली दोन-दोन फडकी जिन्याखाली खिळ्याला अडकवली आणि पावसाच्या पिंपातून पाणी घ्यायला सांगितलं. अण्णांचं काम उलट लवकर होऊ लागलं, कारण पाण्यासाठी कोपऱ्यापर्यंत जावं लागत नाही. महिन्याचा पगार तोच ठेवायचा की वाढवायचा, यावर तीन घरांत अजून एकमत नाही. मी वाढवण्याच्या बाजूने आहे.

खंडेनवमीला इथे आयुधपूजा म्हणतात आणि पीण्यात तो दिवाळीइतका मोठा सण असतो. शेडमधल्या लेथपासून टेम्पोपर्यंत सगळं आदल्या दिवशी धुतलं जातं, म्हणून त्या दिवशी बोअरवर ताण येतो. जमलं तर गाडी दोन दिवस आधीच धुवून घ्या. पूजेच्या वेळी हळदीकुंकू थेट बॉनेटवर लावू नका, काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावा. हळदीचा डाग उन्हात रंगावर पक्का बसतो. झेंडूची माळ तारेत ओवलेली नसावी, दोऱ्यातली घ्या आणि गाडी चालवायच्या आधी उतरवून ठेवा, नाहीतर वाऱ्याने ती पत्र्यावर घासत राहते. चाकाखाली लिंबू, समोर कुंकू भरलेला कोहळा, हे सगळं झालं की कोहळ्याचे तुकडे लगेच झाडून कडेला करा. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर त्याच रस्त्याने शेकडो दुचाक्या जातात.