खताच्या गाडीखालचा गंज

मृग तोंडावर आला की अहमदपूरच्या बाजारात दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. एक नवी कोरी कार. शोरूममधून निघताना तिच्या बिलात ‘अंडरबॉडी कोटिंग’ नावाची एक ओळ असते आणि त्यासाठी काही हजार रुपये मोजलेले असतात. दुसरी कृषी सेवा केंद्रासमोर उभी असलेली पिकअप, नाहीतर ‘छोटा हत्ती’. तिच्या हौद्यात पोटॅशच्या, १०:२६:२६ च्या गोण्या चढत असतात. एखादी गोणी हुकाने फाटते, दाणे फटींतून खाली चॅसिसवर सांडतात, आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. गंजापासून वाचवण्याची गरज यांतल्या कोणत्या गाडीला आहे, या प्रश्नाचे उत्तर बाजाराने नेमके उलटे देऊन ठेवले आहे.

गाडीखाली लेप मारण्याचे हे वेड आले कुठून? मुख्यतः बर्फाच्या देशांतून. मिठाचे पाणी शून्य अंशाला गोठत नाही. मिठाने पुरते भरलेले द्रावण उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहते. म्हणून बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ मध्ये त्याचा प्रयोग सुरू केला. आज तो देश दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर ओततो. टोरांटोला किंवा डेट्रॉइटला लेकाकडे हिवाळा काढून आलेल्या आई-वडिलांना गाडीच्या दारांवर साचणारी ती पांढरी पूड आठवत असेल. तिथे गाडीचा गंज हा गप्पांचा विषय नाही, कोर्टाचा विषय आहे. पिकअपच्या चॅसिस कुजल्याच्या दाव्यात २०१६ मध्ये टोयोटाने अमेरिकेत ३.४ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली, ती सुमारे १५ लाख गाड्यांसाठी.

अहमदपूरला बर्फ पडत नाही. समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून लांब. तेव्हा इथे मीठ नाही, असे म्हणून विषय मिटायला हवा होता. पण खताच्या गोणीवरचे नाव एकदा नीट वाचावे. ‘म्युरिएट ऑफ पोटॅश’ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. स्वयंपाकघरातल्या मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, हे सख्खे भावंड. ५० किलोच्या गोणीत ते ४७ किलोच्या आसपास असते. १०:२६:२६ मधले पोटॅशही साधारणपणे याच क्षारातून येते, आणि हिशेब केला तर त्या गोणीत ते २० किलोच्या पुढे जाते. परदेशात बर्फ वितळवण्यासाठी जी क्षारद्रव्ये विकली जातात, त्यांत पोटॅशियम क्लोराइडही आहे. टोरांटोच्या रस्त्यावर जे हिवाळ्यात पडते, त्याचाच प्रकार अहमदपूरच्या पिकअपमध्ये पेरणीच्या तोंडावर सांडतो.

युरियाला मात्र या यादीत फारसा दोष देता येत नाही. विमानाच्या धातूला मीठ सोसत नाही, म्हणून बर्फ काढण्यासाठी कित्येक विमानतळांवर मिठाऐवजी युरिया वापरला गेला. खरा प्रश्न आहे तो क्लोराइडचा, आणि त्याखालोखाल अमोनियम सल्फेटसारख्या क्षारांचा.

गंज चढणे ही विजेची क्रिया आहे. लोखंडाच्या पृष्ठभागावर ओल धरली की एका ठिपक्यावर लोखंड विरघळू लागते आणि शेजारच्या ठिपक्यावर हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो. या दोन ठिपक्यांमध्ये पाण्यातून वीज वाहावी लागते. शुद्ध पाण्यातून ती जेमतेम वाहते, खाऱ्या पाण्यातून सहज. शिवाय लोखंडावर ऑक्साइडचा जो पातळ पापुद्रा थोडेफार संरक्षण देत असतो, तो क्लोराइड फोडतो. यातली वाईट गोष्ट ही की या कामात क्लोराइड खर्च होत नाही. सांध्यात अडकलेला चमचाभर क्षार वर्षानुवर्षे तेच काम करत राहतो.

तरीही कोरड्या हवेत तो झोपलेला असतो. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यातली दुपारची हवा इतकी कोरडी असते की धातूवर ओलीचा थर टिकतच नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उभा आहे, त्यात त्याच्या लोखंडातल्या फॉस्फरसचा वाटा मोठा, पण कोरड्या हवेचाही आहे. तोच स्तंभ खोदून पाहिला तेव्हा जमिनीखालच्या, ओलीतल्या भागावर मात्र गंज सापडला. क्षारांचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता एका पातळीवर गेली की ते स्वतःच पाणी ओढून घेतात आणि ओघळू लागतात. मिठासाठी ही पातळी ७५ टक्के, पोटॅशियम क्लोराइडसाठी ८४ टक्क्यांच्या आसपास. दोन-तीन क्षार एकत्र आले की ती आणखी खाली येते, आणि खताच्या गाडीत ते नेहमी एकत्रच असतात. पावसाळ्यात सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे क्षार आणि ओल दोन्ही जूनमध्ये एकदमच येतात. त्यात काळी चिकट माती मडगार्डच्या आत आणि पाट्यांच्या घड्यांत घट्ट बसते आणि ओल दिवाळीपर्यंत धरून ठेवते.

आता बोअरच्या पाण्याचे काय? वॉशिंग सेंटरवर गाडी धुतली की पांढरे डाग राहतात, त्यामुळे गाडीवाल्यांचा पहिला संशय त्यावरच जातो. तो अर्धाच खरा आहे. डाग पडतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे, आणि ते काचेचा व रंगाचा अवतार बिघडवत असले तरी लोखंडाचे मोठे शत्रू नाहीत. पाण्यात क्लोराइड किती, हे महत्त्वाचे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत सवलत. समुद्राच्या पाण्यात एकूण क्षार लिटरला ३५,००० मिलिग्रॅम असतात. अहमदपूरची बोअर कितीही मचूळ असली तरी ती समुद्र नाही. घरची कार आठवड्याला बोअरच्या पाण्याने धुऊन कोरड्या जागी उभी करणाऱ्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. त्यातही आजच्या बहुतेक गाड्यांचा सांगाडा कारखान्यातच रंगाच्या टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यांत रंग बसवून निघतो. त्यावर शोरूमने मारलेला काळा लेप खडीचा मारा आणि आवाज थोडा कमी करतो. मराठवाड्यातच फिरणाऱ्या घरच्या गाडीसाठी तो घेतला नाही तरी चालेल.

खताच्या गाडीचे तसे नाही. ती गाडी फक्त खत वाहत नाही. जूनमध्ये खत, नंतर सोयाबीन, उसाच्या टोळीचा संसार, लग्नसराईत वऱ्हाड, आणि अधूनमधून यात्रेला निघालेली अख्खी गल्ली. अहमदपूरला रेल्वे नाही. माणसे आणि माल दोन्ही चाकांवरच. त्यामुळे चॅसिसवरचा गंज हा पत्र्याचा आणि डेंटिंग-पेंटिंगचा प्रश्न राहत नाही.

ब्रेकचेच पाहावे. ब्रेक ऑइल चाकांपर्यंत नेणाऱ्या पोलादी नळ्या चॅसिसला लागून, गाडीच्या पोटाखालून जातात. बोटाहून बारीक. त्यांना बाहेरून खड्डे पडत जातात आणि रोजच्या हलक्या ब्रेकला त्या टिकतात. फुटतात त्या जोरात ब्रेक दाबल्यावर, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने अशा गंजलेल्या नळ्यांचा सुमारे ५० लाख गाड्यांबाबतचा तपास २०१५ मध्ये बंद केला, तेव्हा मालकांना दिलेला सल्ला लेपाचा नव्हता. हिवाळ्यात गाडीचे पोट वरचेवर धुवा आणि नळ्या तपासून घ्या, इतकाच तो होता.

दुसरा धोका दिसत नाही आणि त्याला वासही नाही. सायलेन्सरचा पाइप गंजून त्याला भोक पडले आणि वरचा तळपत्राही सडलेला असेल, तर धूर मागे जाण्याऐवजी आत येतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जुन्या पेट्रोल किंवा गॅसच्या व्हॅनमध्ये, काचा लावून, मागे दाटीवाटीने बसलेल्या शाळकरी मुलांचे रोज डोके दुखत असेल किंवा मळमळत असेल, तर ते ‘गाडी लागणे’ आहे असे ठरवण्याआधी गाडीखाली एकदा वाकून पाहायला हवे.

जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दलही दोन शब्द. मुंबई, ठाणे, रत्नागिरीचे पासिंग असलेली गाडी कमी चाललेली आणि स्वस्त मिळते म्हणून इकडे आणली जाते. समुद्राची खारी हवा खाल्लेल्या किंवा पुराच्या पाण्यात बसलेल्या गाडीला वरून नवा रंग आणि खालून ताजा काळा लेप मारलेला असला, तर घेणाऱ्याने खूश होण्याऐवजी सावध व्हावे. गंजावर मारलेला लेप गंज थांबवत नाही. तो ओल आत कोंडतो आणि भोक दिसू देत नाही. स्टेपनीचा खळगा, सीटचे बोल्ट, पायाखालची मॅट उचलून दिसणारा पत्रा या जागी रंगाऱ्याचा हात सहसा पोचत नाही. खरे काय ते तिथे कळते.

मग खताच्या गाडीने करायचे काय? पाणी, हेच उत्तर. पण हा सल्ला लातूर जिल्ह्यात जरा लाजतच द्यावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून ज्या शहराने तहान भागवली, त्या जिल्ह्यात गाडीच्या पोटावर शेकडो लिटर गोडे पाणी ओतायला सांगणे शोभणार नाही, आणि त्याची गरजही नाही. सगळ्यात स्वस्त काम कोरडे आहे. खत उतरले की त्याच दिवशी हौदा झाडून काढायचा, फटींत आणि चॅसिसवर अडकलेले दाणे जुन्या ब्रशने पाडायचे. गोण्यांखाली जाड ताडपत्री अंथरली तर यातले बरेचसे काम वाचते. मग बोअरच्या पाण्याचा जोराचा फवारा खालून मारायचा, मडगार्डच्या आतली माती निघेपर्यंत, आणि शेवटी दोन-तीन बादल्या नळाचे किंवा पागोळ्यांखाली धरलेले पावसाचे पाणी. दाराच्या खालच्या कडेला आणि पायदानाच्या पट्टीत पाणी निघून जाण्यासाठी छोटी छिद्रे असतात. ती मातीने बुजतात. बारीक तारेने मोकळी ठेवली की आतले पाणी तुंबत नाही.

लेप मारायचा असेल तर तो याच गाडीला मारावा, नवी असतानाच, स्वच्छ आणि कोरड्या पत्र्यावर, शक्यतो मे महिन्यात. गॅरेजमध्ये जळके ऑइल आणि डिझेल फवारण्याची पद्धत आहे. तिने ओल काही काळ दूर राहते, हे नाकारता येत नाही. पण ते ऑइल रबराचे बुश फुगवते, शेतात ठिबकत राहते, आणि वापरलेल्या इंजिन ऑइलचा कातडीशी वारंवार संपर्क कर्करोगाचा धोका वाढवणारा मानला जातो. ते फवारणारा बहुधा गॅरेजमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असतो, हात उघडे. त्यापेक्षा मेणाचे किंवा ग्रीससारखे गंजरोधक महाग पडले तरी परवडते.

एकट्या चालकावर हे सगळे टाकून मोकळे होता येणार नाही. गाडी कर्जाची, भाडे खेपेवर आणि जूनमध्ये एका दिवसात चार खेपा. झाडायला वेळ काढला की पैसे बुडतात. ज्याचा माल त्याने ताडपत्री द्यावी, हे खतविक्रेत्यांना जड नाही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेसचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत दिवे, हॉर्न आणि रिफ्लेक्टरच्या पट्ट्या पाहिल्या जातात, तितक्याच कसून गाडी खड्ड्यावर घेऊन ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवले पाहिजे आणि चॅसिसवर हातोडीचे चार ठोके मारले पाहिजेत. धड पोलाद खणखणते, सडलेले बद्द वाजते. यंत्राची गरज नाही. सोयाबीनच्या पानावर तांबेरा दिसला तर शेतकरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. गाडीखालचा तांबेरा पाहायला वाकावे लागते, आणि मे महिन्याचा शेवटचा आठवडा त्यासाठी बरा, जमीन कोरडी असते आणि गोण्या अजून चढलेल्या नसतात.