विश्लेषण : रस्त्यावरची शर्यत मैदानात कशी आणायची? सातारा-सांगलीसाठी स्वस्तातल्या मोटर रेसिंगचे पर्याय

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे कारागीर दत्तात्रय लोहार यांनी दुचाकीचे इंजिन आणि भंगारातले सुटे भाग जोडून एक छोटी जीप तयार केली. खर्च आला सुमारे ६० हजार रुपये. किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीचा व्हिडिओ डिसेंबर २०२१ मध्ये देशभर पाहिला गेला. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलेच, पण एक व्यवहारी मुद्दाही मांडला. ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे प्रशासन आज ना उद्या ती रस्त्यावरून हटवणार. म्हणून त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली.

गोष्टीचा शेवट गोड झाला. पण एक प्रश्न उरला. अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही हे बरोबर, मग ती चालवायची कुठे? सातारा आणि सांगलीत गाडी खोलून पुन्हा जोडू शकणारे हात भरपूर आहेत. त्यांच्यासाठी बंदिस्त मैदान आणि साधी नियमावली मात्र नाही. कमी खर्चातली हौशी मोटर रेसिंग हा त्यावरचा एक मार्ग आहे. तो कसा, ते पाहू.

कायदा नेमका काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

म्हणजे घाटात किंवा पुणे-बंगळुरू महामार्गावर ‘लावून बघू’ म्हणणाऱ्यांना कायद्यात सवलत नाही, आणि नसावीही. मात्र या कलमाचा रोख सार्वजनिक जागेवर आहे. बंदिस्त, खासगी जागेत आणि रीतसर परवानगीने स्पर्धा घेता येतात. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग रेस होत आली आहे. राष्ट्रीय रॅली मालिकेतली ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ नाशिकने भरवली आहे. चार चाकांची शर्यत महाराष्ट्राला नवी नाही. सामान्य घरातल्या मुलाला ती परवडत नाही, अडचण ही आहे.

रेसिंग इतकी महाग का?

देशातल्या ट्रॅक रेसिंगची मुख्य केंद्रे वर्षानुवर्षे दक्षिणेत आहेत : चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे. साताऱ्याच्या मुलाला तिथे उतरायचे तर गाडी ट्रकवर चढवून शेकडो किलोमीटर न्यावी लागते. मेकॅनिक, मुक्काम, प्रवेश शुल्क, टायर हे सगळे वेगळे.

पण जवळ ट्रॅक झाला म्हणजे रेसिंग स्वस्त झाली, असेही होत नाही. खरा खर्च वाढतो तो चढाओढीने. एकाने इंजिनवर पैसे ओतले की दुसऱ्याला ओतावेच लागतात. दोन हंगामांत ज्याची ऐपत जास्त तोच पुढे जातो आणि बाकीचे प्रेक्षकांत जाऊन बसतात. म्हणून जगभरच्या स्वस्त मालिकांनी स्वस्त गाडी शोधण्याबरोबरच पैसा खर्च करून उपयोग होणार नाही असे नियम शोधले.

इतर देशांनी खर्चाला लगाम कसा घातला?

अमेरिकेत २००६ मध्ये ‘ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स’ ही मालिका सुरू झाली. ‘ल मान्स’च्या प्रसिद्ध २४ तासांच्या शर्यतीवर केलेला हा शाब्दिक विनोद, कारण तिकडे खटारा गाडीला ‘लेमन’ म्हणतात. गाडीची किंमत ५०० डॉलरच्या आत हवी, हा तिचा मूळ नियम. जास्त खर्च केल्याचे पंचांना वाटले की लॅप कापले जातात. सुरक्षेच्या साधनांचा खर्च मात्र या मर्यादेत धरलाच जात नाही.

फिनलंड आणि स्वीडनमधला नियम तर आणखी भेदक आहे. तिथल्या लोकप्रिय, साध्या शर्यतींत स्पर्धा संपल्यावर कोणताही पात्र स्पर्धक ठरलेल्या किमतीला तुमची गाडी मागू शकतो. फिनलंडमध्ये विकायला नकार दिला तर परवान्यावर गदा येते. पाच लाखांची गाडी ठरलेल्या स्वस्त दरात द्यावी लागेल, हे माहीत असताना पाच लाख कोण घालेल?

ब्रिटनमध्ये १९७३ पासून गवत कापण्याच्या यंत्रांच्या शर्यती होतात. पाती काढून टाकलेली ही यंत्रे पळवणाऱ्या संघटनेने सुरुवातीपासून रोख बक्षिसे आणि प्रायोजक दूर ठेवले. बक्षीसच नाही, मग त्यासाठी कर्ज काढायचा प्रश्नही नाही. तिथल्या विद्यापीठांच्या कार्टिंग स्पर्धेत सारख्या कार्ट आयोजकच देतात, त्यामुळे चालवणाऱ्याचे कसब उघडे पडते.

सातारा-सांगलीकडे आज काय आहे?

बरेच काही. पहिली गोष्ट ट्रॅक्टर. या पट्ट्यातल्या गावांमध्ये जत्रा-यात्रांच्या निमित्ताने ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेण्याच्या स्पर्धा भरतात. ऊस वाहतुकीत दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या चालकांचे हे रोजचे कौशल्य. ट्रॉली जोडलेली असताना मागे जाताना स्टेअरिंगचा हिशेब उलटा होतो, आणि दुसरी ट्रॉली असेल तर तो आणखी गुंतागुंतीचा होतो. एका वेळी एक ट्रॅक्टर, आखलेली वाट, वेळेची नोंद. मोटरस्पोर्ट असे कुणी म्हणत नाही, पण व्याख्येत ते चपखल बसते. कमी वेग, घरचेच वाहन आणि पूर्ण कस.

दुसरी गोष्ट अभियांत्रिकी महाविद्यालये. सांगलीचे वालचंद (१९४७), कराडचे शासकीय महाविद्यालय (१९६०) आणि साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट (१९८३) ही त्यातली ठळक नावे. देशभरातील महाविद्यालयांसाठी २००७ पासून ‘बाहा एसएईइंडिया’ ही स्पर्धा होते. सर्व संघांना सुमारे १० अश्वशक्तीचे एकसारखे इंजिन आणि त्याभोवती स्वतः बांधायची ऑफ-रोड बग्गी, असा तिचा साचा. वर्षभर वेल्डिंग करून बांधलेली बग्गी स्पर्धेनंतर मात्र बहुतेकदा वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खाते.

तिसरी गोष्ट शेजारचे कोल्हापूर. तिथल्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत आणि कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोहोचले. म्हणजे गुणवत्तेसाठी हा भाग वांझ नाही. पण त्या शिडीची पहिलीच पायरी बहुतेकांच्या हाताला लागत नाही.

मग कोणते प्रकार सुरू करता येतील?

पहिला पर्याय ऑटोक्रॉसचा. मैदानावर कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. कोनला धक्का लागला की वेळेत सेकंद वाढवायचे. वळणे इतकी जवळ ठेवायची की पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येऊ नये. दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे टकरीचा धोका जवळपास संपतो. जुनी अल्टो असो वा मारुती ८००, तीच संध्याकाळी घरी नेता येते.

जागा? साखर कारखान्यांची केनयार्ड पाहा. गळीत हंगामात उसाच्या वाहनांनी भरलेली ही आवारे हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, मोकळी असतात. कारखान्यांनी हंगामानंतरचे दोन-चार रविवार दिले तरी एक मालिका उभी राहते.

दुसरा पर्याय बग्गी लीगचा. दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये आणि आयटीआय यांनी तयार असलेल्या बग्ग्या आळीपाळीने एकमेकांच्या आवारात पळवायच्या. इंजिन सारखेच, त्यामुळे चढाओढ कारागिरीची. यात गॅरेजमधल्या मिस्त्रींनाही संघ करून उतरता आले पाहिजे. देवराष्ट्रेच्या जीपसारख्या प्रयोगांना हक्काची जागा मिळेल ती इथे.

तिसरा पर्याय जुन्या १०० सीसी दुचाकी आणि मोपेडच्या दमसास शर्यतीचा : मातीचा छोटा ट्रॅक, दोन-तीन तासांची वेळ, एका गाडीवर आळीपाळीने तीन-चार चालक. वेगापेक्षा गाडी टिकवणे महत्त्वाचे. इथे फिनलंडचा नियम जसाच्या तसा लावता येईल : शर्यतीनंतर गाडी ठरलेल्या किमतीला विकायची तयारी हवी. पण इथे अनेक वाहने एकत्र धावतात, म्हणून हा प्रकार पहिल्या वर्षी घेऊ नये. आधी ऑटोक्रॉस, मग बग्गी आणि दोन्हींचा अनुभव आल्यावर हा.

सुरक्षेचे आणि विम्याचे काय?

स्वस्त रेसिंगमध्ये कात्री कुठे लावायची नाही, हे आधी ठरवले पाहिजे. पूर्ण चेहरा झाकणारे प्रमाणित हेल्मेट, सीट बेल्ट, बग्गीला रोल केज, इंधन आणि बॅटरी तोडणारा किल-स्विच, अग्निशामक सिलिंडर, जागेवर रुग्णवाहिका आणि प्रेक्षकांपुढे भक्कम अडथळा. गाडी ६० हजारांची असू शकते, यातली एकही गोष्ट वगळता येत नाही. जत्रेतल्या स्पर्धांचा कच्चा दुवा नेमका प्रेक्षकच असतो. दोरीच्या आत शिरून मोबाईलवर चित्रीकरण करणारी गर्दी थोपवता येत नसेल तर स्पर्धा थांबवण्याचा अधिकार पंचाला हवा.

विम्याबाबत बहुतेकांचा गैरसमज असतो. नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी वाहन वापरणे वगळलेले असते. म्हणजे घरची गाडी स्पर्धेत ठोकली तर भरपाईची आशा धरू नये. आयोजकांनी स्पर्धेचा, चालकांचा आणि प्रेक्षकांचा वेगळा विमा काढणे हाच मार्ग. त्यासाठी ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया’ या राष्ट्रीय संघटनेशी संलग्न क्लबमार्फत, तिच्या परवाना पद्धतीनुसार स्पर्धा घेणे श्रेयस्कर.

परवानगीचा गुंता सुटेल?

याचे उत्तर याच मातीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, अटी पाळाव्या लागतात. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतल्या शर्यतींपासून छोट्या गावांच्या अड्ड्यांपर्यंत सगळ्यांना हे गणित आता पाठ आहे.

मोटर स्पर्धांसाठीही असाच ठरलेला नमुना हवा. जिल्हाधिकारी, पोलीस, आरटीओ आणि आरोग्य विभाग यांची एकच तपासणी यादी असेल तर आयोजकाला दहा दारे झिजवावी लागणार नाहीत, आणि प्रशासनालाही ‘कशाला जबाबदारी’ म्हणून फाइल बाजूला ठेवता येणार नाही.

बैलगाडा शर्यतींचा दुसरा धडा मात्र सावध करणारा आहे. बक्षीस म्हणून ट्रॅक्टर आणि जीपगाड्या लागू लागल्या तशी बैलांची किंमतही लाखांत गेली. हौस मागे पडून गुंतवणूक पुढे आली. मोटर मालिकेत ते टाळायचे तर पहिल्याच दिवशी ठरवावे : रोख बक्षीस नाही, नेत्यांच्या वाढदिवसाचा फलक नाही. ढाल आणि टायरचा एक जोड पुरे.

याने रस्त्यावरचा वेग थांबेल?

मैदान दिले की घाटातली स्टंटबाजी आपोआप बंद होईल, असा दावा करता येणार नाही. ज्याला रील काढून मिरवायचे आहे तो कोनभोवती गाडी वळवायला येईलच असे नाही. धूळ आणि आवाजाच्या तक्रारीही येतील, त्या रास्तही असतील. पण आज वेगाची ओढ असलेल्या मुलासमोर दोनच पर्याय आहेत : रस्ता किंवा लाखोंचा खर्च. आपण ‘रस्त्यावर नको’ म्हणतो, तेव्हा ‘मग कुठे?’ या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे.

सुरुवात लहान करता येईल. कराड किंवा सांगली परिसरातला एक कारखाना, एक महाविद्यालय आणि एक संलग्न क्लब एकत्र आले, तर हंगामानंतरच्या एका रविवारी वीस गाड्यांची ऑटोक्रॉस घेता येईल. त्यातून किती खर्च आला, काय चुकले, कुठे धोका वाटला याचा हिशेब जाहीर करावा आणि मग पुढचा रविवार ठरवावा.