पणत्या पुरे झाल्या, मस्टरवर नाव लावा

उद्योजक, दुकानदार, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि आमच्यासारखेच पालक यांना जाहीर आवाहन



दिवाळी जवळ आली की आम्हाला फोन सुरू होतात. कंपनीच्या आवारात स्टॉल लावाल का, पणत्या, उटणे, कागदी पिशव्या घेऊन या. आम्ही जातो. तासाभरात माल खपतो. एचआरच्या बाई स्टॉलवरच्या तरुणांबरोबर फोटो काढतात आणि ‘किती गोड आहेत हो’ म्हणत लिफ्टकडे वळतात. ज्याला गोड म्हटले तो छत्तीस वर्षांचा बाप्या असतो. रोज दाढी करतो, धाकट्या भावाचे लग्न झाले म्हणून आपले कधी असे विचारतो, आणि त्याला नोकरी हवी असते. त्याच कंपनीच्या गेटवर ‘पॅकिंगसाठी हेल्पर पाहिजेत’ असा बोर्ड लटकलेला असतो. त्या बोर्डाची आणि या माणसाची गाठ घालावी असे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

आमचे भांडण याच्याशी आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांना कामाला लावणे आणि आपल्या पायावर उभे करणे हे आमच्या संस्थेचे काम. आणि या कामात सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नाला उत्तर देण्यात जातो: ‘त्यांना जमेल का?’

तर ऐका कसे जमते. स्क्रू दहा-दहाच्या पाकिटांत भरायचे आहेत आणि तरुणाला दहापर्यंत मोजता येत नाही. आधी अंक शिकवा म्हणाल, तर वर्षे निघून जातील. आम्ही लाकडी फळीला दहा खाचा पाडून घेतो. एका खाचेत एक स्क्रू. फळी भरली की पाकिटात ओतायची. एक खाच रिकामी दिसली की हा थांबतो, स्क्रू शोधतो, बसवतो, मगच पुढे जातो. सुपरवायझरने मागून ‘चल, चल’ केले तरी हलत नाही. मोजता येणारे हेल्पर नऊ भरून मोकळे होतात, हे त्या सुपरवायझरलाही ठाऊक असते. बसच्या प्रवासाचेही तसेच. आधी आमचा जॉब कोच शेजारच्या सीटवर बसतो, मग चार सीट मागे, मग बसच्या मागोमाग दुचाकीवर. नंतर तो येतच नाही, आणि तरुण वेळेवर पोचलेला असतो.

हे काही जगावेगळे नाही. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ पासून जायबंदी सैनिकांना हुन्नर शिकवत आली आहे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या माळावर आनंदवन उभे केले ते कुष्ठरुग्णांच्या श्रमावर. नसीमा हुरजूक यांनी सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचे काम उभे केले, तिथे व्हीलचेअरवर बसणारी माणसे कामाला आहेत. करून दाखवायचे ते केव्हाच करून दाखवले गेले आहे.

आता कायद्याचे पाहू. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण होते, त्यात बौद्धिक अक्षमतेच्या वाट्याला काहीच नव्हते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आरक्षण ४ टक्के झाले आणि चौथ्या टक्क्यात आमची माणसे आली. आम्ही पेढे वाटले! पण शिपाई, माळी, सफाई ही जी कामे त्यांना सहज जमली असती, ती सरकारी कचेऱ्यांतून भराभर ठेकेदारांकडे जात आहेत, आणि ठेकेदाराला आरक्षण लागू नाही. जिथे जागा उरते तिथे दहावी उत्तीर्ण असण्याची अट आणि वर लेखी परीक्षा. म्हणजे ताट वाढायचे आणि हात बांधायचे.

खासगी क्षेत्राला तर सक्तीच नाही. याच कायद्याचे कलम ३५ म्हणते की ५ टक्के दिव्यांग कामावर घेणाऱ्यांना सरकारने प्रोत्साहन द्यावे, तेही आपल्या आर्थिक कुवतीप्रमाणे. मात्र वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करून दिव्यांगांना योग्य अशी पदे त्यात नमूद करायची आहेत. तुमच्या कंपनीचे हे धोरण कुठे लावले आहे? एचआरला विचारा आणि त्यांचा चेहरा पाहा. सीएसआरचा हातभर लांबीचा चेक फोटोसाठी हसून ज्या हाताने देता, त्याच हाताने एक नेमणूकपत्र द्यायला काय जाते?

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनाही सोडणार नाही. वीस-वीस वर्षे चालणारे ते कसले प्रशिक्षण? अनुदान मंजूर संख्येवर मिळते, त्यामुळे नोकरीला लागून बाहेर पडलेला माणूस संस्थेच्या हिशेबात तोटा ठरतो. महिन्याकाठी हातावर टेकवलेल्या काहीशे रुपयांना ‘मानधन’ म्हणायचे आणि वर्षे ढकलायची. कायद्यानेही हेच शिकवले होते: १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ मध्ये अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळण्याची मुभा सरकारला दिलेली होती.

आणि पालकहो, तुम्हाला दुखेल, पण बोलतो. ‘आमच्यानंतर याचे काय’ हा घोर आपल्या सगळ्यांना आहे. निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहे, म्हणून पगार लागला तर पेन्शन जाईल ही भीतीही खोटी नाही. ही अट बदलण्यासाठी आपण मिळून तहसीलवर जाऊ. पण तोवर त्याला घरी टीव्हीपुढे बसवू नका. पगार झाला तर एटीएम कार्ड थोरल्या भावाच्या खिशात ठेवू नका. नोकरीत तो चुकेल, ओरडा खाईल, चार पैसे उडवेल. आपण नाही उडवले?

उद्योजकांकडे आमचे मागणे साधे आहे. तुमच्याकडचे एक काम दाखवा. त्याचे तुकडे आम्ही पाडतो, फळ्या आम्ही बनवतो, जॉब कोच आमचा, तुम्हाला खर्च नाही. तीन महिने पाहा. नाही जमले तर इतरांना काढता तसे काढा, आम्ही मोर्चा आणणार नाही. जमले तर इतरांइतकाच पगार द्या, पीएफ कापा, मस्टरवर नाव लावा.

सकाळी सातची पहिली पाळीही चालेल.

— काम मागणारे तरुण-तरुणी, त्यांचे पालक आणि कार्यकर्ते
(वाचून झाल्यावर हे पत्रक तुमच्या मालकाच्या टेबलावर ठेवा.)