जुनंच परत परत, आणि नव्याचा खेळ रद्द

पोस्ट लांब झालीय, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी समीक्षक वगैरे नाही. दुकानाचं शटर रात्री साडेनऊला खाली येतं, मग जेवताना टीव्हीवर जे चालू असेल ते पाहतो. थेटरात जाणं वर्षातून पाच-सहा वेळा. तेव्हा कॅमेरा अँगल, पटकथेचा आलेख असलं काही माझ्याकडून अपेक्षू नका. पण गेल्या दीड-दोन वर्षांत एक गोष्ट डोक्यात बसलीय ती लिहून टाकतो.

सुरुवात आमच्या मायपासून. २१ डिसेंबर २०२४ ला ‘सीआयडी’ परत सुरू झाली. सहा वर्षं बंद होती. माय सकाळपासून खूश. मी लहान असताना शुक्रवारी रात्री ती आम्हाला झोपायला लावायची आणि स्वतः पाहायची, आम्ही गोधडीतून पाहायचो. तर लागली सीआयडी. एसीपी प्रद्युम्न आले. शिवाजी साटम साहेबांना पाहून माय म्हणाली, “हाऊ ते म्हतारा व्हई गया रे!” पाच मिनिटांनी विचारलं, “फ्रेडी कोठे शे?” मी सांगितलं, दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरातच गेले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून भांडी घासायला गेली. दया दरवाजा तोडतच होता.

पुढे काय झालं तुम्हाला ठाऊक आहेच. एप्रिलमध्ये एसीपींना मारलं, लोकांनी बोंब मारली, मग परत आणलं. गावात कोणी असं मरून परत आलं असतं तर पोलीस पाटलाला बोलावलं असतं आपण.

आणि हे एकटं नाही. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २९ जुलै २०२५ ला परत. मंत्रिपद गेलं आणि तुलसी पुन्हा उंबऱ्यात उभी राहिली. ‘चला हवा येऊ द्या’ त्याच महिन्यात परत, फक्त नीलेश साबळेंच्या जागी अभिजीत खांडकेकर. ‘देवमाणूस’चा म्हणे मधला अध्याय. म्हणजे शेवट आम्ही पाहिला, पण मधलं राहून गेलं होतं हे आम्हाला आत्ता कळलं! सिनेमात ‘दे धक्का २’, ‘धर्मवीर २’, ‘झिम्मा २’, ‘नवरा माझा नवसाचा २’, ‘ये रे ये रे पैसा ३’, ‘प्रेमाची गोष्ट २’. पोस्टरवर आकडा नसला की चुकल्यासारखं वाटतं.

आता कोणी म्हणेल, तुला जुन्याचा राग का? राग नाही भाऊ. उलट आपल्याकडे तीच गोष्ट परत सांगायची चाल जुनीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चार वर्षांनी १९१७ ला तोच विषय स्वतःच पुन्हा चित्रित केला. १९३२ ला ‘प्रभात’ने मराठीत बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’, त्यातही हरिश्चंद्रच. आपल्या खंडोबाच्या, रामाच्या गोष्टी तर दरवर्षी त्याच ऐकतो, शेवट माहीत असून बसतो. परत सांगण्यात पाप नाही. परत सांगताना आपलं काय घातलं, हा माझा प्रश्न आहे.

आणि हे कसं करायचं ते शिकायला मुंबईला जायची गरज नाही. आपल्यापासून तास-दीड तासावर मालेगाव आहे.

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ तुमच्यापैकी किती जणांनी पाहिला? रीमा कागतींचा, २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. थेटरात कधी आला आणि कधी गेला आम्हाला कळलंच नाही, मी नंतर मोबाईलवर पाहिला. गोष्ट खरी आहे. नासिर शेख नावाचा माणूस, त्याचं व्हिडिओ पार्लर. यंत्रमागावर हातपाय मोडेस्तोवर काम करणारी माणसं शुक्रवारच्या सुट्टीला सिनेमा पाहणार, तेवढाच विसावा. या पठ्ठ्याने २००० च्या सुमारास ठरवलं की आपणच ‘शोले’ काढू. ‘मालेगाव के शोले’. बॉलीवूडच्या हिशेबात चहापाण्याचे पैसे. घोडे कुठून आणणार? तर डाकू सायकलवर! पुढे ‘सुपरमॅन’ काढला. सुपरमॅन कोण, तर शफिक, अंगावर मांस नाही असा मागावरचा कामगार. आणि खलनायक काय करतो, तर गावात घाण आणि तंबाखूच्या पिचकाऱ्या वाढवतो. त्यावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला, तो जगभर पाहिला गेला. शफिक नंतर कॅन्सरने गेला.

हा पण रिबूटच की! शोले काय त्यांचा नव्हता, सुपरमॅन तर अमेरिकेचा. पण त्यांनी घोड्याच्या जागी सायकल आणली, तिथे तो सिनेमा मालेगावचा झाला. पाहणाऱ्याला पडद्यावर आपली गल्ली, आपली बोली, आपल्या ओळखीचा हडकुळा पोरगा दिसला. पैसे नसल्यामुळे सुचलं असेल, असू दे. सुचलं ना!

गंमत बघा. खरा ‘शोले’ पन्नास वर्षांचा झाला म्हणून १२ डिसेंबर २०२५ ला फोर-के करून पुन्हा लावला. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला शेवट परत जोडला, ठाकूर गब्बरला मारतो तो. हे मला आवडलं, कारण तिथे खरंच काहीतरी हरवलेलं परत आणलं. ‘तुंबाड’ २०२४ ला पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, ‘सैराट’ २०२५ च्या मार्चमध्ये पुन्हा लागला. जुना सिनेमा जसाच्या तसा मोठ्या पडद्यावर लावा, मी चार तिकिटं काढतो. २०१६ ला माझी पोरगी पाळण्यात होती, तिने आर्ची पडद्यावर पाहायलाच पाहिजे.

पण नवा भाग म्हणून जुनाच भात फोडणी देऊन वाढतात तेव्हा पंचाईत होते. ‘नवरा माझा नवसाचा २’ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला, सप्टेंबर २०२४. पहिल्या भागात एसटी होती, यात कोकण रेल्वे. पहिल्यात अशोकमामा कंडक्टर, यात टीसी. आपण जंक्शनची माणसं, गाडी पाहिली की निम्मे पैसे वसूल. हसलो, खोटं का बोलू. मामांनी नुसतं बघितलं तरी हसू येतं. पण बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, “मला सगळे पहिल्या भागातलेच सीन आठवताहेत.” मी आठवून पाहिलं, माझंही तेच. एसटीतली माणसं कशी होती? अगदी आपल्या चाळीसगाव-धुळे गाडीत भेटतात तशी, पिशव्या सांभाळणारी, भांडणारी. ती माणसं दुसऱ्या भागात चढलीच नाहीत, फक्त गाडी बदलली.

‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’बद्दल जरा दबकत लिहितो, कारण विषय आपल्या जिव्हाळ्याचा. २००९ चा पहिला सिनेमा मुंबईतल्या मराठी माणसाचा होता. २०२५ चा शेतकऱ्याचा, आत्महत्येचा. म्हणजे विषय तर बदलला, मांजरेकरांना त्याबद्दल मान. ज्यांनी ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी घरात, गोठ्यात, दुकानात शिरताना पाहिलंय, कापसाचा भाव रोज मोबाईलवर पाहायची ज्यांना सवय आहे, त्यांना हा सिनेमा लागणारच. मलाही लागला. तरी मला वाटलं, त्यात भाषण जास्त आणि शेत कमी. रात्री लाईट येते म्हणून दोन वाजता बारं द्यायला जाणारा माणूस एकदा नीट, न बोलता दाखवला असता तर मला महाराजांच्या तोंडच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कळलं असतं. माझं मत. शिव्या देणाऱ्यांनी खाली द्या, पण सिनेमा पाहून द्या.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

१२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’ आला. आकडा नाही, जुनं नाव नाही, कोकणातला म्हातारा दशावतारी कलाकार बाबुली, त्याचा पोरगा, तिथलं जंगल आणि खाण. दिलीप प्रभावळकर, वय ८१. मला हा पाहायचाच होता. रविवारी मी, बायको, पोरगी आणि माय, असे चौघं गाडी करून जवळच्या एका शहरात गेलो (नाव घेत नाही, उगीच वाद नको). खिडकीवरचा पोरगा म्हणाला, “काका, तुमची धरून सहाच तिकिटं होताहेत. दहा झाल्याशिवाय लावत नाहीत. दुसऱ्या स्क्रीनचं देऊ का?” दुसऱ्या स्क्रीनला हिंदीतला कोणता तरी पुढचा भाग. मी म्हटलं, अर्धा तास थांबतो, येतील कोणी. आणखी दोघं आले, एक म्हातारे सर आणि त्यांची बायको. आठ. खेळ रद्द. पैसे परत मिळाले, पण सरांनी त्या पोराला जे विचारलं ते मला लागलं, “मग आम्ही कधी यायचं?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं, त्याचा दोषही नव्हता. पंधरा दिवसांनी नाशिकला बहिणीकडे गेलो तेव्हा पाहिला. थेटर भरलेलं होतं!

प्रभावळकर म्हणजे ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. त्यांना कोणीही म्हणू शकलं असतं, बाहुला काढा, पुन्हा येऊ द्या तात्याला, लोक येतील. पण या वयात माणूस नजर अधू झालेला बाबुली होऊन पडद्यावर येतो, रंग फासतो, अंगात आल्यासारखा नाचतो. माय नाशिकहून येताना गाडीत चाळीसगावपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होती. सीआयडीबद्दल ती आता बोलत नाही.

२०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्सला सांगितलं होतं की मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत खेळ द्या. तेव्हा मुंबईत पॉपकॉर्न की वडापाव यावर केवढा गदारोळ झाला. दहा वर्षांनी, जुलै २०२५ ला ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच दिवशी आले आणि मराठीचे खेळ काढले म्हणून पुन्हा तीच भांडणं. म्हणजे नावामागे तीन लावूनही पडदा मिळेना. निर्माते म्हणतात जुनं नाव सेफ असतं. कोणासाठी सेफ? जो पडदा मिळतो तो हे आकडेवाले भाग खाऊन टाकतात, आणि बाबुलीसारखा एखादा नवा आला की आमच्याकडे आठ तिकिटांवर बंद पडतो. त्या भांडणात आमच्यासारख्या तालुक्याच्या गावाचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

वर म्हणायचं, ग्रामीण प्रेक्षक येत नाही. अहो, आमच्याकडच्या लग्नात ‘झुमका वाली पोर’ वाजलं की ऐंशी वर्षांची आजी उठते. अहिराणी गाणी, मालेगावकडचे छोटू दादाचे व्हिडिओ लोक मोबाईलला डोळे लावून पाहतात. आपलं काही दिसलं तर माणूस पाहतो, हे काय सांगायची गोष्ट आहे? याच गावात केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता टेबलावर जग मांडून फोटो काढत राहिले. त्यांच्यावर मोठ्या पडद्यावर सिनेमा मी तरी पाहिलेला नाही.

तर एक साधं करू. पुढच्या वेळी आकडा नसलेला, चांगला वाटणारा मराठी सिनेमा लागला की पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला एकत्र जायचं. खिडकीवर दहा लागतात, आपण वीस जाऊ. मी ग्रुप बनवतो, नाव ‘खेळ लावा’. आमची चार तिकिटं धरा. माय म्हणते पाच धरा, शेजारच्या जिभाऊंची बायकोही येते म्हणे. तुमचा आकडा खाली टाका, आणि त्या दिवशीचे ते सर ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनीही. सर, तुमची दोन तिकिटं माझ्याकडे लागली.