अंगणातला खोडवा

निरवांगीच्या परिसरात खोडवा म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. लागणीचा ऊस तुटला की त्याच बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटतो. बेणे, नांगरट, सरी पाडणे हा खर्च वाचतो. रानातला हा हिशेब घरोघर चोख असतो, अंगणात मात्र आपण तो विसरतो. दर हिवाळ्यात पिटुनिया, झिनियाची रोपे आणायची आणि उन्हाळ्यात वाळक्या कुंड्या कोपऱ्यात सरकवायच्या. रोप 20 रुपयांचे धरा. वर्षातून दोनदा दहा-दहा आणली तर 400 रुपये, पाच वर्षांत 2000, आणि दारात झाड एकही नाही.

म्हणून भगिनींनो, यंदा हंगामी रोपांऐवजी वर्षानुवर्षे टिकणारी झाडे लावा, असा आमचा आग्रह आहे. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. नीरा डावा कालवा रानाला पाणी देतो, कुंड्यांना नाही. मे महिन्यात कुंडीतल्या नाजूक रोपाला रोज पाणी लागते. जमिनीत मुळे खोल गेलेली मेंदी आठवड्याला एकदोन बादल्यांवर तगते. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, ते नाली करून झाडाच्या आळ्यात सोडता येते.

आमची पहिली पसंती मेंदीलाच. कुंपणही होते आणि ईदेला घरची पाने मिळतात. बाजारातल्या कोनात काय मिसळलेले असते, देव जाणे! पावसाळ्याच्या तोंडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्या. खालची पाने काढा आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. जास्वंदही अशीच लागते. फांदी शेजारणीकडून मागून आणावी, त्यात कसला संकोच? गवती चहाचा ठोंब फोडून लावायचा. दोन-तीन वर्षांनी तो दाटला की पुन्हा फोडा आणि मागणाऱ्यांना वाटा.

शेवगा तर अस्सल खोडवाच. तमिळनाडूतली पीकेएम-1 ही जात बियांपासून येते आणि साधारण सहा-सात महिन्यांत शेंगा धरते. बहार संपल्यावर खोड तीन फुटांवर छाटले की नव्या फांद्या फुटतात आणि काही वर्षे शेंगा मिळत राहतात. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून शेवगा आणि कढीपत्ता उंचवट्यावर लावा.

पहिले वर्ष अंगण उघडे-बोडके दिसेल, हे खरे. मधल्या जागेत मेथी-कोथिंबीर टाका, किंवा वाळलेल्या झेंडूचे बी विस्कटा. त्याला पैसे लागत नाहीत. शेळीपासून मात्र वर्षभर जपावे लागेल, बाभळीचे चार फाटे आडवे लावा. कण्हेर शेळी खात नाही म्हणून काहीजणी ती सुचवतात. पण तिची पाने, फुले, बिया सारेच विषारी. रांगते मूल असलेल्या घरात ती नकोच.

मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत करायची असते. त्याविषयी तेव्हाच लिहू.