बांधाचा वाद आणि आकाशातला गोंगाट

आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, असे आपण वार्षिकांकातून नेहमीच वाचतो. परंतु हे विज्ञान आपल्या बांधावर येऊन उभे राहिले, तरी ते काम कसे करते याची चौकशी आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी करीत नाही. ही उदासीनता मला परवडणारी वाटत नाही.

सेलू परिसरात भावकीचे पुष्कळसे वाद बांधावरून होतात. पूर्वी मोजणीदार साखळी घेऊन येत. आता भूमी अभिलेख खात्याचा माणूस काठीवर 'रोव्हर' बसवून उभा राहतो. हे यंत्र सुमारे २०,००० कि.मी. उंचीवरील उपग्रहांचे संदेश ऐकते. इथे पोचेपर्यंत ते इतके क्षीण होतात की यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडून जातात. शिवाय त्यांची रचनाच गोंगाटासारखी असते. जी.पी.एस.च्या नागरी संकेतात १०२३ चिन्हांची, वरवर विस्कळीत दिसणारी माळ असते. ती सेकंदाच्या हजाराव्या भागात एकदा पुरी होते आणि पुन्हा सुरू होते.

मग यंत्राला ऐकू कसे येते? स्टेशनावरच्या गलबल्यात भोंग्यावरचे 'सेलू' एवढेच नाव आपल्याला नेमके ऐकू येते, कारण ते आपल्या मनात आधीच असते. यंत्राजवळही त्या माळेची नक्कल असते. ती मागेपुढे सरकवीत ते मेळ शोधते. मेळ बसला की गोंगाटातून संदेश वर येतो. पुढे एक नक्कल किंचित आधी व एक किंचित नंतर ठेवून ते मेळाचा मध्य धरून राहते. एका चिन्हाची चूक म्हणजे सुमारे ३०० मीटरांचा फरक! म्हणून रोव्हर याही पलीकडे जाऊन सुमारे १९ सें.मी. लांबीची मूळ लहरच मोजतो आणि स्थिर 'कॉर्स' केंद्रांच्या मदतीने काही सेंटिमीटरांपर्यंत येतो.

'यंत्र खोटे बोलत नाही,' असे म्हणतात. खरे आहे, पण यंत्र चुकीचे ऐकू शकते! बांधावरच्या दाट कडुलिंबाखाली संदेश अडतो. भिंतीवर आपटलेला प्रतिध्वनी उशिरा येऊन मेळ बिघडवितो. तेव्हा खुंटी ठोकण्यापूर्वी शेतकऱ्याने तीन प्रश्न विचारावेत, असे माझे मत आहे. वर आकाश मोकळे आहे काय? यंत्राने 'फिक्स' दाखविले काय? थोड्या वेळाने तोच बिंदू पुन्हा घेतला, तर तोच येतो काय?

अर्थात रोव्हर काठी कोठे उभी आहे एवढेच सांगतो. जमीन कोणाची हे नकाशा आणि दप्तरच सांगणार. हा फरकही लोकांना समजावून सांगितला पाहिजे, आणि तो त्यांच्या भाषेत सांगणे हे तर आपल्याच शाखेचे काम आहे. वर्षातून एकदा महाविद्यालयाने मोजणीदारांना बोलावून मैदानावर रोव्हर दाखवावा, एवढीच माझी सूचना आहे.